दाराजवळचा खिळा

"आता चालायचं तेही लोकर गुंडाळत! उद्या शिंक आली तरी खिळा ठोकायला लावतील," इस्त्रीकाका पुटपुटले.

शेजारी फाटक्या चादरीला टाके घालत बसलेल्या धाकटीनं हसू दाबलं. दिवस काही हसण्यासारखे नव्हते. हॉस्पिटलच्या तळघरातल्या या धुलाईखान्यातून शस्त्रक्रियेच्या हिरव्या चादरी रोज उशिरा वर जात होत्या. शनिवारपर्यंत वेळ साधली नाही, तर काम बाहेर देऊन इथं कुलूप घालणार, असं वरून आलं होतं. अकरा माणसांच्या पोटाचा प्रश्न. आणि आज शुक्रवार.

धुलाईखान्याची मुख्य म्हणजे धाकटीची थोरली जाऊ. घरी जाऊबाई, इथं बाई. शाळा सातवीपर्यंत, पण दर सोमवारी त्या काहीतरी एकच, एवढंसं बदलायच्या. एकदा कपड्यांची फळी वीतभर खाली आणली, तर सगळ्यांच्या टाचा जमिनीला टेकल्या. एकदा ओल्या कपड्यांच्या पिशवीला दुसरा कान शिवून घेतला, तेव्हापासून कुणाची पाठ धरली नाही. धाकटी चकित व्हायची. ही फळी, ही पिशवी आपल्यासमोर दहा वर्षं होती. आपल्याला कशी दिसली नाही?

या सोमवारी बाईंनी लाकडी फळ्यावर खोलीचा नकाशा काढला आणि यंत्र, ड्रायर, शिवण, इस्त्री, दार अशा जागोजागी खिळे ठोकले. स्वेटरांची उरलीसुरली लोकर आणून एकेकाला एकेक रंग दिला. "इथून तिथं गेलात की या खिळ्यावरून त्या खिळ्यावर एक फेरा. लाजून गाळायचा नाही." स्वतःला पांढरी घेतली.

आज चार वाजता बाईंनी फळा भिंतीला टेकवला आणि सगळे पुढं सरकले. धुलाई यंत्रावरचा भोंगासुद्धा काम सोडून आला; आवाज यंत्राच्या वर चढतो म्हणून त्याला हे नाव पडलं होतं. पाच दिवसांची अकरा माणसांची पायपीट, लाल, पिवळी, जांभळी, समोर ताणून उभी होती. आपण रोज एवढं चालतो? धाकटी आपला रंग शोधू लागली. तिची स्वतःची निळी लोकर कुठल्या कुठं जाऊन परत आली होती.

सगळे रंग दाराजवळच्या एकाच खिळ्यावर येऊन आपटत होते. तिथं मुठीएवढा गोळा झाला होता, खिळा दिसतच नव्हता. आणि त्या गोळ्याला फक्त एक पांढरा वेढा. तो कुठंच गेला नव्हता.

तिथं बाईंचं टेबल होतं. कपडा वाळला की बाईंकडे, शिवला की बाईंकडे, इस्त्री झाली की पुन्हा बाईंकडे. प्रत्येक चादर त्या स्वतः उलगडून, हात फिरवून बघायच्या. पुढं रांग.

"बोला," बाई म्हणाल्या. "कुठं अडतंय?"

"लिफ्ट फार रमतगमत येते," भोंगा म्हणाला.

"ड्रायर म्हातारा झालाय. माझ्यासारखा," इस्त्रीकाका म्हणाले. कुणी हसलं नाही. दाराजवळच्या टेबलाकडे कुणी बघेना.

ते टेबल तिथं का आलं, हे दोघींनाच ठाऊक होतं. सात वर्षांपूर्वी धाकटीची सुई चादरीत राहिली आणि एका बाळंतिणीच्या पाठीत टोचली. नोकरी जायचीच, पण जाऊबाई वर जाऊन म्हणाल्या, "तपासणीत मी चुकले." दुसऱ्या दिवशी प्रत्येक चादर स्वतः तपासायला त्यांनी दाराशी टेबल मांडलं. घरी त्यावर कधी चकार शब्द नाही. ज्या टेबलानं आपल्याला वाचवलं, त्याकडे बोट कसं दाखवायचं? पण उद्या कुलूप लागलं तर ते टेबल तरी कुणाला वाचवणार?

बाई फळ्याकडेच बघत होत्या. त्यांनीच आखला होता तो, स्वतःला पांढरी लोकर देऊन. धाकटीच्या मनात आलं, एवढं धैर्य आपल्यात असतं तर!

ती उठली. हातातली सुई तिनं सगळ्यांसमोर उशीत खोचली.

"जाऊबाई," ती म्हणाली. इथं ही हाक पहिल्यांदाच. "तेव्हाची सुई माझी होती. आता माझं शिवण मी सुया मोजून तपासेन, काका इस्त्रीचं तपासतील. तुम्ही उठा तिथून. उशीर तुमच्या टेबलापाशी होतो."