टोचून खरं सांगणारं यंत्र

मित्रांनो, मी रक्तातली साखर मोजणारं यंत्र आहे. आता बराच जुना झालोय म्हणा ना. तळहातावर मावेन एवढाच माझा जीव. जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण तिथलं काही आठवत नाही. मला आठवतं ते प्रशांत महासागरातल्या टोंगा देशातलं लिफुका बेट आणि मोसेसेचं घर. मोसेसेला मधुमेह असल्याचं कळलं, तेव्हा त्याच्या ऑकलंडच्या बहिणीने मला पाठवून दिलं.

मोसेसे चर्चमधल्या गायकांचा म्होरक्या. दाराच्या चौकटीत जेमतेम मावणारा आणि हसला की शेजारघरी ऐकू जाणारा. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. रविवारी जेवायला आलेले पाहुणेसुद्धा हौसेने बोट पुढे करत. मोसेसेची म्हातारी आई पेलेनाइसे अगदी काटकुळी. तिचा आकडा नेहमी शहाण्यासारखा यायचा. मोसेसेचा मात्र चढतच गेला.

"हे यंत्र माझ्यावर दात धरून आहे," तो वैतागला. "मला काही होत नाही, तर गोळ्या कशाला गिळू?"

त्याने मला आणि गोळ्यांना एकदमच कपाटात कोंबलं. आतून मला त्याचं गाणं ऐकू यायचं. आवाज खणखणीत होता, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही.

मग बेटावर फ्लूची साथ आली. घरात सगळ्यांना धास्ती पेलेनाइसेची. तिची चटई मागच्या खोलीत नेली, तिच्याजवळ जायची मुलांना बंदी झाली. तरी आजार घरात शिरलाच. म्हातारी आठवडाभर खोकली, मग उठून बसली आणि भाजलेला सुरण मागू लागली. मोसेसे मात्र पार कोसळला. अंगात ताप, घशाला कोरड, सारखी लघवी, बोलताना धाप. पुढे तर तो नीट जागाही राहीना.

त्याची बायको लोसालिने हिने मला कपाटातून ओढून काढलं आणि त्याच्या बोटाला सुई टोचली.

"काय सांगतंय ते?" पेलेनाइसेने विचारलं.

"आकडाच नाही आई. नुसतं 'हाय' आलंय."

"मरणाच्या दारातल्या माणसाला नमस्कार कसले घालतंय मेलं!"

लोसालिने हसली नाही. 'हाय' म्हणजे साखर माझ्या मोजमापाच्याही वर गेली, हे तिला ठाऊक होतं. शेजाऱ्याच्या गाडीत घालून तिने त्याला इस्पितळात नेलं.

"पण कालपासून त्याने घासही खाल्ला नाही," ती नर्स सिसिलियाला म्हणाली.

"तापात शरीर स्वतःच साखर वाढवतं. आणि साखर अशी वाढली की फ्लूशी झुंजायची ताकद कमी पडते. छाती भरलीये त्याची."

"अगं, बैलासारखा दणकट आहे तो!"

"दिसायला. आईंचं वय झालंय, त्यांना जपलंत ते बरोबरच केलंत. पण याला जपायचं राहून गेलं."

लोसालिने मला मुठीत धरून बाकावर बसून राहिली.

ऑक्सिजन, इन्सुलिन, सलाईन. मोसेसे वाचला. पण घरी आला तो निम्मा होऊन. लांब सूर धरायला गेला की खोकल्याची उबळ येई. एकदा सूर मध्येच तुटला, तेव्हा तो तोंड फिरवून उभा राहिला.

हल्ली तो मला तालमीला नेतो. परवा कालाफी नावाचा धिप्पाड गायक म्हणाला, "माझं कशाला बघतोस? मी तर ठणठणीत आहे!"

"मीही हेच म्हणायचो. बोट दे."

आकडा आला आणि कालाफीचं हसू मावळलं. मोसेसेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ताप यायच्या आधी कळलं, हे बरं झालं. उद्या सिसिलियाकडे मी येतो तुझ्याबरोबर."

मित्रांनो, आकडा वाईट आला म्हणून माझ्यावर रुसू नका. तुमच्या घरातही गोळ्या चुकवणारं एखादं धडधाकट माणूस असेल. साथ येण्याची वाट पाहू नका. आजच त्याच्याजवळ बसा आणि त्याचं बोट हातात घ्या.