चौदावं काडतूस

आमच्या स्प्रूस रन नेमबाजी क्लबात एक नियम आहे. तो भिंतीवर लिहिलेला नाही, कारण लिहायची गरजच नाही. दुसऱ्याने भरलेलं काडतूस मारायचं नाही. सख्ख्या भावाने भरलेलं असलं तरी नाही! कुणाला पटत नसेल तर त्याने क्लेटस बॉयरच्या उजव्या डोळ्याकडे बघावं. तिथे काच आहे. मेव्हण्याने प्रेमाने भरून दिलेलं एकच काडतूस मारलं होतं त्याने.

मी मात्र एकतीस वर्षं नवऱ्याच्या हातचं मारत आले. मर्ल भरायचा, मी मारायची. क्लेटस चिडवायचा, "अर्डिस, चर्चमध्ये तू काय शपथ घेतलीस ते राहू दे, खरं लग्न तुमचं या बाकावर लागलंय." त्यात खोटं काही नव्हतं.

मर्लचं भरणं बघण्यासारखं असायचं. बंदुकीच्या दारूचा एकेक दाणा चिमट्याने काट्यावर ठेवायचा. प्रत्येक गोळी वजन करून वेगळ्या वाटीत. आणि टेबलावर दारूची बरणी एकच, दुसरी कपाटात कुलूपबंद. त्यात कधी बदल नाही. शंभर यार्डांवरच्या कागदात माझ्या पाचही गोळ्या एकाच भोकातून गेल्या तरी हा कागद डोळ्यांजवळ धरून म्हणायचा, "भोक जरा लांबट झालंय, बये. श्वास सोडलास ना मध्येच?" असा छळवादी माणूस.

मार्चमध्ये मी तळघरात कपडे धुवायला उतरले, तर टेबलावर दोन बरण्या उघड्या. एकीतली दारू सावकाश जळणारी, दुसरीतली झपाट्याने. आणि मर्ल मापातली उरलेली दारू बरणीत परत ओतत होता. भलत्याच बरणीत. असं मिसळलेलं काडतूस बंदुकीसकट तोंडावर फुटतं.

"मर्ल, दोन बरण्या कशाला काढल्यास?"

"कुठल्या दोन?" तो म्हणाला, आणि ओततच राहिला.

डॉक्टरांनी हिवाळ्यात सांगितलं होतंच, की हळूहळू सगळं आठवणीतून निसटत जाईल. गाडीची किल्ली त्याचा भाऊ ड्वेन आधीच घेऊन गेला होता, तर मर्ल दोन दिवस जेवला नव्हता. आता राहिलं होतं फक्त ते टेबल. तेही काढून घेतलं असतं तर हा माणूस खिडकीशी खुर्ची टाकून बसला असता आणि बसल्या बसल्या संपला असता. माझ्याच्याने ते झालं नाही. झालं नाही म्हणजे नाही, कुणी काय म्हणायचं ते म्हणा.

मी चोराचा मार्ग धरला. त्या दोन्ही बरण्यांतली दारू गुलाबांच्या वाफ्यात पसरली आणि नवीन आणून ठेवली. गुरुवारी सकाळी ड्वेन त्याला नाश्त्याला घेऊन जायचा. त्याची गाडी वळणाआड गेली की मी तळघरात. मर्लने आठवडाभर खपून भरलेली वीस काडतुसं एकेक करून फोडायची, गोळी उपटायची, दारू फेकायची, पुन्हा स्वतः भरायची आणि डबीत त्याच्याच जागेवर ठेवायची. एकतीस वर्षं शेजारी बसून बघितलं होतं, हात आपोआप चालायचे. शनिवारी मी मारायची, कागद त्याच्या हातात द्यायची, आणि त्याचा चेहरा असा उजळायचा की मला रडू यायचं. "अजून हात शाबूत आहे हो माझा," तो क्लेटसला सांगायचा.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी चौदावं काडतूस फोडलं, तर आतून दारूच निघाली नाही. बारीक गुंडाळी केलेली कागदाची पट्टी निघाली. मागची ठिणगी पाडणारी टोपी आधीच मारलेली, मेलेली होती. पट्टीवर मर्लचं अक्षर, वाकडंतिकडं पण त्याचंच.

"कधीपासून?"

म्हाताऱ्याला कळलं होतं! एखाद्या बऱ्या दिवशी डोकं चाललं असेल, आणि त्याने मला सापळा लावला होता. मी न फोडता मारलं, तर शनिवारी बंदुकीतून नुसता टक आवाज येणार, आणि तो पोट धरून हसणार, की बायको अजून माझ्या हातचं मारते. टक झालं नाही, तर मी फोडलं हे उघड. काय करावं? खरं बोलायला हवं होतं. पण मी पट्टी पुन्हा गुंडाळली, आत घातली, वर गोळी बसवली आणि ते चौदाव्या खाचेत ठेवलं. बाकीची एकोणीस नेहमीसारखी नव्याने भरली. त्याला एकदा हसू दे, एवढंच मनात होतं.

शनिवारी वारा पडलेला होता. तेरा गोळ्या सुरेख गेल्या. चौदाव्याला घोडा दाबला. टक.

मी हसायची तयारी करून मागे वळले. मर्ल हसत नव्हता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी दारू घातली नाही," तो म्हणाला. "अर्डिस, मी दारू घालायला विसरलो."

तो सापळाच विसरला होता.

"अरे, टोपी खराब असेल," मी घाईघाईने म्हणाले. "टाक ते. मी दुसरं घेते."

"टाकायचं कसं? पद्धत आहे!" क्लेटस मधे पडला. आमच्याकडे फुसकं निघालेलं काडतूस मिनिटभर थांबून बाहेर काढायचं, आणि ज्याने भरलं त्यानेच सगळ्यांसमोर फोडायचं. पद्धत मर्लनेच घातलेली, क्लेटसचा डोळा गेला त्या वर्षी. मी म्हटलं, "जाऊ दे ना, क्लेटस." त्याने काचेच्या डोळ्यावर बोट ठेवून दाखवलं आणि काडतूस फोडायची हातोडी मर्लच्या हातात दिली.

मर्लने दोन ठोके मारले. पट्टी बाकावर पडली. त्याने ती उलगडली, लांब धरून वाचली, पुन्हा वाचली.

"हे अक्षर माझं आहे," तो म्हणाला. "मी काय विचारतोय तुला, अर्डिस?"

त्या सरळ डोळ्यांसमोर मला आणखी खोटं बोलवेना.

"मार्चपासून," मी म्हणाले. "मार्चपासून मी तुझं भरलेलं मारत नाही, मर्ल. फोडते आणि माझं भरते. तू दोन दारू एकत्र केल्या होत्यास."

त्याने पट्टीची पुन्हा बारीक गुंडाळी केली. मग म्हणाला, "बरोबर केलंस. दुसऱ्याच्या हातचं मारायचं नाही." खिशातून दारूच्या कपाटाची किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

मला वाटलं, वाईट व्हायचं ते होऊन गेलं.

सोमवारी सकाळी तो दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून तळघरातून वर आला. खिसे चाचपत होता.

"कपाटाची किल्ली कुठे ठेवलीस गं? शनिवारसाठी वीस भरून टाकतो."

मी त्याला बसवलं, कॉफी दिली, आणि सगळं सांगितलं. तोच पांढराफटक चेहरा. "बरोबर केलंस," तो म्हणाला.

काल पुन्हा सोमवार होता. काल पुन्हा सांगितलं.