सभागृहात न काढायचा शब्द

तोरगुन शेळ्या पाळते आणि आमच्या फ्योर्डकाठच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीकाठच्या, गावाची सरपंच आहे. ती शेतकऱ्यांच्या पक्षाची. युरोपीय संघाचं नाव निघालं की तिचे कान लाल होतात. उपसरपंच सिगब्यर्न उजव्या पक्षाचा. त्याचा धुरावलेला सॅमन मासा युरोपात जातो, तिथे त्यावर जकात बसते. म्हणून नॉर्वेनं संघात जायलाच हवं, असं तो झोपेतही बरळेल.

पण बहुमत होत होतं ते दोघांचं मिळूनच. तेव्हा आघाडी करताना ठरलं: सभागृहात युरोपचं नाव काढायचं नाही. काढलं की आघाडी मोडली. मी तोरगुनच्याच पक्षाची सभासद. मला वाटलं होतं, महिनाभरही टिकायचं नाही. टिकलं की! शाळेचं छप्पर झालं, बोटींसाठी नवा धक्का झाला.

मग निवडणूक तोंडावर आली. जूनच्या सभेत विरोधी बाकावरची ओडलाउग उठली. मजूर पक्षाची, गोड बोलून काटा काढणारी.

"ठराव मांडते," ती म्हणाली. "गावानं एकदाचं सांगून टाकावं, संघात जायचं की नाही?"

तोरगुनचे कान पेटले. सिगब्यर्ननं खुर्ची मागे सरकवली. संपलं, मी मनात म्हटलं.

तोरगुननं कॉफीचा घोट घेतला. "ठराव झकास आहे, ओडलाउग. पण तुझ्या पक्षाचं मत काय, ते आधी सांग."

"आमचं? आमचं म्हणजे..."

"जायचंच!" तिच्या शेजारचा म्हणाला.

"मुळीच नाही!" मागून आवाज आला.

"मग गावात नोकऱ्या कोण आणणार?"

"आणि मासेमारीचे हक्क काय तुझा सासरा राखणार?"

बघता बघता अख्खा बाक आपसात जुंपला. सिगब्यर्न हळूच म्हणाला, "आपण काही बोलायचं का?"

"गप समोरचं वॉफल खा," तोरगुन पुटपुटली.

शेवटी ओडलाउगलाच हसू फुटलं. "मागे घेते बाई ठराव! माझंच घर पेटलं."

रात्री सभा संपली तरी बाहेर लख्ख ऊन होतं; आमच्या उत्तरेचा जून तो. सगळे धक्क्यावर आलो. सिगब्यर्ननं इकडेतिकडे पाहिलं.

"हे काही सभागृह नाही, तोरगुन."

"नाहीच मुळी."

"मग ऐक. संघात गेलो असतो ना—"

"तर तिकडच्या स्वस्त चीजपुढे माझ्या शेळ्यांचं चीज कुत्र्यानंही खाल्लं नसतं!"

चार वर्षांचं तुंबलेलं भांडण धो धो सुटलं. हातवारे काय, हशा काय! ओडलाउग माशांचा रिकामा खोका ओढून ऐकायला बसली आणि दोघांनाही चढवत राहिली.

सप्टेंबरातल्या निवडणुकीत दोघांच्याही पक्षांची एकेक जागा वाढली.