खडूच्या सह्या

दुकानातलं कापड बेतायचं टेबल गेल्या पावसात एकदा पलंग झालं होतं. मागच्या खोलीत पाणी शिरलं, चढत चढत खाटेच्या फळीला लागलं, आणि पायांत जीव नसलेल्या सासूबाईंना शिंपीणबाईने पाठीवर घेऊन त्या टेबलावर आणून निजवलं. पाच तास म्हातारी कापलेल्या बाह्यांच्या ढिगात देवाचं नाव घेत पडून होती. पाणी आणखी हातभर चढलं असतं तर? त्या प्रश्नाने शिंपीणबाईच्या मनात तेव्हापासून ठाणच मांडलं होतं.

पूर्वी सगळ्या वस्तीचं पाणी गल्लीमागची पाणथळ मुकाट्याने पोटात घ्यायची. मग एका ट्रकवाल्याने पाडलेल्या घरांचा राडारोडा रोज तिच्यात ओतला, आणि बेडकांसकट ती बुजली. आता पालिका तो उपसून पाणथळ पुन्हा जिवंत करायला तयार होती. अट एकच: सुनावणीत पन्नास घरांच्या सह्या हव्यात.

शाळेच्या मास्तरांनी कागद फिरवला. दोन आठवड्यांत त्यावर एकच सही, मास्तरांची. ट्रकवाल्याशी वाकडं कोण घेणार? तेव्हा शिंपीणबाईने जुनी पांढरी चादर काढली आणि येईल त्या गिऱ्हाइकापुढे खुणा करायचा निळा खडू धरला.

"पुसला जातो ना हा?" जो तो आधी हेच विचारी.

"जातो. सुनावणीच्या दिवशी वरून धागा घालीन. तोवर मन फिरलं तर येऊन पुसून जा."

एकसष्ट घरांनी सह्या केल्या. पुसायला कोणी आलं नाही. बासष्टावी सही शिंपीणबाईची स्वतःची. ती मात्र उद्यावर चालली होती. रोज खडू चादरीला टेकायचा आणि उचलला जायचा. देवापुढे बसली की ती डोळेसुद्धा वर करत नसे.

सुनावणी दुपारी चारला पालिकेच्या सभागृहात होती. दोनला तिने चादर पसरली, मशीनमध्ये धागा ओवला, आणि दारात सावली पडली. ट्रकवाला.

"वहिनी, नुसती इस्त्री मारायची आहे. थांबतो मी." त्याने पँट पुढे केली.

तिच्या हातांना जे सुचलं ते त्यांनी केलं. चादर गोळा झाली, तिची घडी पडली, पँट तिच्यावर पसरली.

"खाली काय घातलंत?"

"इस्त्रीखालचं कापड."

"कडक करा हं. चारला सभागृहात जायचंय. बघू तरी, कोणाकोणाला बेडकांचा एवढा पुळका आलाय." तो टेबलाला रेलून उभा राहिला. त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर एकसष्ट घरं श्वास रोखून पडली होती. ती पाणी शिंपडत राहिली, दाबत राहिली. पँट उचलली तर खालचं दिसेल! एकेक पाय चार चार वेळा. वाफेने तोंड भिजलं. शेवटी त्यानेच हसून पँट ओढून घेतली. "बास वहिनी, जाळाल आता. खुंटीवरची दुसरी पँट शनिवारी न्यायला येतो."

तो वळणाआड गेल्यावर तिने चादर उलगडली.

पांढरी. कुठे एखादा निळा काना, कुठे अर्धी वेलांटी. मेणाचा खडू तो, ऊब लागली की उडतो. पंधरा वर्षं ती हेच गिऱ्हाइकांना सांगत आली होती, आणि भीतीने तिलाच विसरायला लावलं.

"काय गं, मशीन का चालत नाही?" मागच्या खोलीतून सासूबाई.

तिने सांगितलं.

म्हातारी म्हणाली, "म्हणजे त्याच्या डोळ्यांपासून वाचवलंस की सगळ्यांना."

"आई, पन्नास सह्या कुठून आणू? सगळे परस्पर सभागृहात जातील."

"मग तिथेच घे. चादर ने आणि सुईदोरा ने. मी काही पळून जात नाही."

सभागृहात पुढच्या रांगेत ट्रकवाला बसला होता, पँटची घडी सुरीसारखी. मागे सगळी गल्ली, माना खाली. अधिकारीणबाई म्हणाल्या, "सह्या आणा."

शिंपीणबाईने चादर उघडली.

"चादर विकायला आलात का वहिनी?" ट्रकवाला हसला. चार जण हसले, आणि तिला चिरडून टाकायला ते पुरेसं होतं. 'देवा, जीभ जड करू नकोस,' ती मनात म्हणाली.

"नावं होती. माझ्याच इस्त्रीने गेली." ती म्हणाली. "कोणाची होती, मी सांगणार नाही. ज्यांची होती ते आता मोकळे आहेत. माझं मात्र त्यात नव्हतंच. लोकांकडून घेतलं, स्वतःचं दिलं नाही."

ती खाली बसली. खडू न लावता, लाल धाग्याने, आपलं नाव घालू लागली. तिसऱ्या अक्षराला सुई बोटात गेली. मागे खुर्ची सरकली. कोण उठलं? दाराकडे गेलं की इकडे? वर बघायची हिंमत होईना.

पिठाने पांढरे झालेले बूट तिच्याशेजारी थांबले. बेकरीवाला.

"बाई, मला टाके येत नाहीत. पेन चालेल?"

ट्रकवाल्याने मोबाइल काढून त्याच्या तोंडासमोर धरला. बेकरीवाला सही करता करता म्हणाला, "दादा, फोटो जरा डावीकडून काढा. उजवा गाल सुजलाय, दाढ दुखतेय."

कोणीतरी खुदकन हसलं. मग मास्तर उठले, मग सुईण, मग रांगच. काही जण मोबाइल बघून पुन्हा बसलेही. अधिकारीणबाईंनी दोनदा मोजलं. त्रेपन्न. त्यांनी शिक्का मारला.

घरी आल्यावर सासूबाईंनी एवढंच विचारलं, "तुझं कितवं?"

"पहिलं."

म्हातारीने भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडे बघून हात जोडले.

शिंपीणबाई दुकानात आली. खुंटीवर ट्रकवाल्याची दुसरी पँट लटकत होती. शनिवारी तो न्यायला येणार. भीती दुपारी होती तेवढीच होती. तिने पँट काढून टेबलावर पसरली, खाली एक साधं फडकं घातलं, आणि इस्त्री तापायला ठेवली.