जॅकला घाम सुटला

मित्रांनो, जरा सरकून बसा. एका दुपारची गोष्ट सांगतो. आता सांगतानाबी माझ्या लोखंडाला कंप सुटतो.

मी एक जुना जॅक हाय. दिसतो बाटलीएवढा, पन भरली गाडी डोक्यावर घेतो. म्हंजी, घ्यायचो. गेवराईत हायवेला फकीर मिस्त्रीचं गॅरेज हाय, तिथंच माझं सगळं आयुष्य गेलं. कारखान्यात मला कवा वतलं, कवा रंगवलं, काय ध्यानात न्हाई. ध्यानात हाय तो फकीरचा हात. नवा आलतो तवा त्यानं मला फडक्यानं पुसलं अन् म्हनला, "आता तू अन् मी. बास."

तवापास्नं आमी दोघं कामाला लागलो ते लागलोच. फकीरच्या दारातून एकबी गाडी वापस जात न्हाई, ही त्याची शेखी. अंगात ताप असू दे, घरात लगीन असू दे. भावाच्या लग्नात गडी काळ्या हातानंच जेवला अन् बिर्याणी अर्धी टाकून गॅरेजला आला. लोक म्हनायचे, "काय मानूस हाय!" तो फुगायचा. मीबी फुगायचो. खोटं कशाला बोलू, कामाची नशा मलाबी चढलती.

मग माझं सील झिजलं. सील म्हंजी आतली रबराची चकती, तीच ऑईल धरून ठेवते. ऑईल गळालं की जॅक खाली बसतो. फकीरला काय दिसत नव्हतं? दिसत होतं. फडकं फिरवायचा अन् हसायचा, "घाम आलाय गड्याला." सील बदलायचं तर मला एक दिवस बसवावं लागलं असतं. तेवढी सवड ना त्याला, ना मला.

त्या दिवशी ऊन नुसतं भाजत होतं. अजिनाथ ड्रायव्हर मोसंबीनं भरलेला टेम्पो घेऊन आला. मागचा कमानपाटा, म्हंजी गाडीचं वजन झेलनारी पोलादी पट्टी, तुटलेला.

"चाचा, आज सांजच्या आत माल पोचला पायजे. जमत नसंल तर दुसरीकडं बघतो."

"दुसरीकडं? फकीर मेला का बे?"

आता गाडी उचलली की आधी खाली टेकू म्हनून लाकडाचे ठोकळे लावायचे, मगच आत शिरायचं, हा धंद्याचा नेम. पन कुनालाच न्हाई न म्हनता त्यानं आधीच तीन गाड्या उचलून ठेवलत्या. सगळे ठोकळे त्यांच्याखाली.

"चाचा, ठोकळा?" अजिनाथ बोलला.

"माझा जॅक हाय की! सख्ख्या भावावर न्हाई एवढा भरवसा हाय याच्यावर."

चाक काढून फकीर पाठीवर सरकत आत गेला. माझ्या डोक्यावर गाडी, गाडीखाली त्याची छाती. अन् माझ्या बुडातून एक थेंब सुटला. मग दुसरा. वरडायला मला तोंड न्हाई, मित्रांनो.

तेवढ्यात शाहीन आली, फकीरची लेक. बीडला दवाखान्यात नर्स हाय, त्या दिवशी सुट्टीवर होती. तीन वाजले तरी बाप जेवायला आला न्हाई म्हनून डबा घेऊन आलती. वाकली अन् तिला मातीत ऑईल दिसलं.

"अब्बा, जॅक खाली यायलाय!"

"घाम हाय त्याला."

"घाम न्हाई, धार लागली! बाहेर या."

"दोन बोल्ट राहिलेत गं."

अजिनाथ शेजारच्या गॅरेजातून ठोकळा आनायला पळाला. मी बोटभर खाली आलतो.

"दवाखान्यात तुमच्यासारखे लई बघते मी," शाहीन म्हनली. "खाटेवर पडल्या पडल्या इच्यारतात, दुकान कोन उघडंल."

"तुझी नोकरी हाय. माझा हुनर हाय. तुला न्हाई कळायचं."

मग शाहीननं काय केलं? डबा खाली ठेवला, ओढणी कमरेला खोचली अन् सरळ मातीत आडवी झाली. सरकत बापाच्या शेजारी.

"अगं ए! येडी झाली का? बाहेर हो!"

"तुमचं चालू द्या. मी हाय इथंच."

मी आनखी खाली. पाना टनकन पडला. फकीर शिव्या देत बाहेर आला, लेकीच्या मनगटाला धरून तिला फरफटत घेऊन. दोघं उभे राहतात न राहतात तोच माझं सील फुटलं. टेम्पो धाडकन बसला. फकीरची छाती होती तिथं ॲक्सल टेकला. मोसंब्या रस्त्यावर गडगडत गेल्या, ठोकळा घेऊन पळत आलेल्या अजिनाथच्या पायापतूर.

फकीर भिंतीला टेकून बसला. हातात पाना नव्हता, तरी बोटं हवेत बोल्ट आवळत होती. मग म्हनला, "अजिनाथ, माल दुसऱ्या गाडीत भर. ही गाडी उद्या."

"उद्या? चाचा, तुमच्या तोंडून हा शब्द पयल्यांदा ऐकला."

शाहीननं हसत हसतच डोळे पुसले.

तवापास्नं मी फळीवर हाय. नवा जॅक आलाय, लाल, लई मिजाशी. मला कोन पुसत न्हाई, अन् डोक्यावर वजन नसलं की आपन कोन हेच मला कळंना झालंय.

फकीरचंबी तेच. शाहीननं दर शुक्रवारी गॅरेज बंद ठेवायला लावलंय. तरी हा बाबा शुक्रवारी येतो, शटर अर्धं उचलतो अन् आत पान्यांची नुसती उचलठेव करत बसतो. घरी काय करावं त्याला ठाव न्हाई. त्याला कुनी शिकवलंच न्हाई.

म्हनून एक मागनं हाय. शुक्रवारी गेवराईवरून जाताना अर्धं शटर दिसलं तर उतरा. गाडी लांब लावा. दोन चहा सांगा अन् फकीरजवळ बसा. त्याला त्याच्या आईचं इच्यारा, नमाजेचं इच्यारा, लहानपनी कुठं पोहायला जायचा ते इच्यारा. गाडीचं मातर एक अक्षर काढू नका.