डावा ब्रेक

जुन्या सायकलवरून व्हॅनचं चाक गेलं, तेव्हा बारकी सायकलीपासून दोन हातांवर रस्त्यात पालथी पडली होती. चाक एकदा गेलं. मग व्हॅन थांबली, मागे आली आणि पुन्हा पुढे गेली. दुसऱ्या खेपेला घाई नव्हती. सायकलची चौकट मोडताना फार मोठा आवाज होत नाही, शेजारच्या खोलीत कुणी खुर्ची ओढावी तेवढाच होतो.

खिडकीची काच खाली झाली. तिच्या भावाने कोपर बाहेर टेकवलं.

"बारके, आता चालत जा कामाला. नाहीतर गुपचूप घरी ये. घरात बाई नाही, माहितीये ना तुला?"

पुलावर सकाळची गर्दी होती. लोक बाजूने गेले. पोलीस चौकीत शिपायाने तिचं सगळं ऐकून घेतलं, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाला, "ताई, बहीण-भावांचं भांडण आहे. आम्ही मध्ये पडलो तर उद्या तुम्हीच एक व्हाल."

बारकी चौतीस वर्षांची होती आणि घरात सगळ्यांत उंच होती. शेंडेफळ म्हणून पडलेलं नाव उंचीला न जुमानता टिकलं होतं. ती कृत्रिम दात बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. भाऊ सहा वर्षांनी मोठा. पार्सलची व्हॅन चालवायचा. तरुणपणी सायकलच्या शर्यती मारलेला गडी. चषक अजून कपाटावर होते आणि पोटऱ्या अजून दगडासारख्या. बारकीला सायकल त्यानेच शिकवली, सातव्या वर्षी. डावा ब्रेक मागचा, उजवा पुढचा. पुढचा एकटा दाबलास तर तोंडावर जाशील. "डावा आधी, मग उजवा," असं म्हणत तो बाजूने धावायचा आणि ती चुकली की मानेवर चापट मारायचा. तिसऱ्या दिवशी चापटीचा ठोसा झाला. सत्तावीस वर्षांत ती तो क्रम विसरली नव्हती. तोही विसरला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी त्याची बायको मुलांना घेऊन निघून गेली, डोळ्याखाली जांभळा डाग घेऊन. आठवड्याने बारकी म्हणाली, मीही खोली बघते. त्याने स्वयंपाकघराचं दार तिच्या उजव्या मनगटावर लोटलं आणि त्यावर अंगाचा भार टाकून उभा राहिला. दोन हाडं मोडली. आत धातूची पट्टी बसवली, पण पकड परत आली नाही. बरणीचं झाकण फिरेना. लॅबमध्ये मेण कोरायला ती डाव्या हाताने शिकली आणि राहायला मावशीकडे गेली.

मावशीच्या घरापासून लॅबपर्यंत गाडीचा रस्ता एकच, पुलावरून. बसही तिकडूनच जायची, आणि एकदा थांब्यावर त्याने तिला केसांना धरून बसमधून खाली ओढलं होतं. दुसरी वाट कालव्याच्या कडेने. पाच किलोमीटर, अर्धी घट्ट माती, अर्धी खडी. दोन्ही टोकांना सिमेंटचे खांब रोवलेले, व्हॅन आत शिरणं अशक्य. पण त्या वाटेनंतर लॅबपर्यंत दोन किलोमीटर शहराचा रस्ता उरतो आणि पायी चालणारी बाई तिथे कुणालाही सापडते.

"म्हणजे खडीवर चालेल आणि डांबरावर पळेल अशी पाहिजे," मावशी म्हणाली. "सायकल पाहिजे की घोडा?"

सायकलच्या दुकानदारणीला सगळे वस्ताद म्हणत. पन्नाशीची बाई, एक करंगळी अर्धीच. उरलेली चेनमध्ये गेली.

"रंग नंतर," वस्ताद म्हणाली. "आधी रस्ता सांगा."

बारकीने रस्ता सांगितला.

"सामान काय असतं?"

"डबा. कधीकधी दात."

"कुणाचे?"

"लोकांचे."

वस्तादने मावशीकडे पाहिलं. मावशीने मान डोलावली, खरं आहे म्हणून.

"शर्यतीची हौस वगैरे?"

"नाही. एका माणसाच्या पुढे राहायचंय."

"तो पायी असतो की गाडीत?"

"गाडीत. उतरतोसुद्धा."

वस्तादने दोन ग्रॅव्हल बाइक, खडी आणि डांबर दोन्हींवर चालणाऱ्या सायकली, काढून भिंतीला टेकवल्या. एक काळी, ॲल्युमिनियमची, एका हाताने उचलता येईल इतकी हलकी. दुसरी मातकट रंगाची, पोलादी, रुंद टायरांची. दोन्हींची हँडलं शर्यतीच्या सायकलसारखी खाली वळलेली, पण बाहेरच्या बाजूला थोडी फाकलेली.

"हिला कॅरियर कुठाय?" मावशीने विचारलं. "मी बसू कशावर?"

"तुम्ही घरी बसा."

बारकीने छोट्या मापाची मागितली. वस्तादने तिला पायांपासून वर न्याहाळलं. "तुम्हाला छोटी लागते असं कुणी सांगितलं?"

"नेहमी छोटीच असायची."

"म्हणूनच पाठीत बाक आलाय." तिने मोठ्या मापाची दिली. मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बारकी उभी राहिली. दांडी अंगाला लागली नाही, हात ताणावे लागले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा गुडघे हँडलला आपटणार नव्हते.

दुकानामागच्या गल्लीत वस्तादने पाडलेल्या भिंतीचा राडारोडा पसरून ठेवला होता, गिऱ्हाइकांसाठी मुद्दाम. काळी सायकल फरशीवरून सुसाट गेली. राड्यात शिरली आणि अरुंद टायर दगडांवरून घसरत उडायला लागलं. प्रत्येक धक्का मनगटातल्या पट्टीत जाऊन कोपरापर्यंत चढला. बारकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मातकट सायकल दोन किलो जड होती, पण वस्तादने टायरांतली हवा थोडी सोडली आणि दगड खालच्या खाली दबून गेले. चढाला सगळ्यांत हलका गिअर टाकला तर बसल्या बसल्या वर येता आलं, उतरावं लागलं नाही.

"जड आहे," बारकी म्हणाली.

"दोन किलो म्हणजे बटाट्याची पिशवी," मावशी म्हणाली. "काळी वाऱ्यावर जाईल आणि तुझा हातही घेऊन जाईल. हीच घे."

शेवटी वस्तादने तिला गल्लीच्या उतारावरून सोडलं आणि खाली उभी राहून ओरडली, "थांबा!" बारकीने डावा दाबला, मग उजवा. सायकल वस्तादला ओलांडून पुढे गेली आणि कचऱ्याच्या पिंपाला धडकली.

"हात दाखवा." वस्तादने उजवं मनगट अंगठ्याने चाचपलं. कातडीखाली पट्टीची कड लागली. "पडलात?"

"दारात सापडला."

"दाराला जोर कुणी लावला?"

बारकीने हात मागे घेतला. मावशीने गल्लीच्या टोकाकडे पाहिलं.

वस्तादने सायकल स्टँडला चढवली, हँडलवर गुंडाळलेली पट्टी सोडली आणि दोन्ही ब्रेकच्या तारा काढून अदलाबदल केल्या. "सायकल खरी थांबवतो तो पुढचा ब्रेक," ती तार ओढता ओढता बोलत होती. "तो धड हातात पाहिजे. तुमचा धड हात डावा. आता डावा म्हणजे पुढचा. दोनच बोटं, हळू. आणि एक लक्षात ठेवा, ही कुणाला चालवायला देऊ नका. सवयीचा सायकलवाला पहिल्याच उताराला तोंडावर जाईल."

मावशीच्या गल्लीत बारकी आठ दिवस जुना क्रम मोडत होती. दोनदा पडली. दोन्ही गुडघे फुटले. नवव्या दिवशी हाताला कळलं.

सहा आठवडे कालव्याची वाट तिची होती. सातव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, ती कालव्याच्या वाटेकडे जाणाऱ्या उताराच्या तोंडाशी आली तेव्हा व्हॅन तिथे आडवी उभी होती. इंजिन चालू, मागचं दार उघडं. तो व्हॅनच्या आडून आला. मूठ तिच्या तोंडावर आली आणि ती सायकलसकट आडवी झाली. मग त्याने बरगडीत लाथ घातली. एकदा, दोनदा.

"मला चुकवतेस? मला? अख्खी आळी हसते माझ्यावर, बायको गेली, बहीण गेली! ऊठ! गाडीत बस!"

त्याने तिला केसांना धरून उठवलं आणि व्हॅनकडे ओढलं. बारकीच्या तोंडात रक्त होतं. दाराची कड तिला दिसली, लोखंडी, आणि तिचं उजवं मनगट आपोआप छातीशी गेलं. तिने त्याच्या अंगठ्याच्या बुडाला दात रोवले, हाडापर्यंत. तो ओरडला. पकड सुटली. ती उतारावरून पळत सुटली.

उतार शंभर पावलांचा. खाली तीन सिमेंटचे खांब, त्यांच्यामधून सायकलचं हँडल जेमतेम निघेल एवढीच फट. त्यापुढे कालवा. ती फटीतून आत शिरली आणि थांबली. का थांबली, हे तिने नंतर कुणाला सांगितलं नाही. वळून पाहिलं तर तो तिच्याच सायकलवर बसून येत होता. उभा राहून पेडल मारत होता, पाठ सपाट, कोपरं आत, पंचवीस वर्षांपूर्वी मारायचा तसा. त्याच्या अंगठ्यातून रक्त गळत होतं. टायरांखाली खडी तडतडत होती.

फटीसाठी त्याला वेग कमी करणं भाग होतं. वीस पावलांवर त्याची डावी बोटं ब्रेकवर गेली. चारही. बारकीला ती दिसली. दोन शब्द बोलायला पुरेल एवढा वेळ होता. तिचं तोंड उघडं होतं, श्वासासाठी.

त्याने डावा आधी दाबला.

पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. मागचं वर आलं. हँडलवरून तो हातही पुढे न करता गेला आणि मधल्या खांबाच्या कडेवर तोंडाने आदळला. तो आवाज मात्र मोठा झाला. तो उताणा कोसळला, सायकल त्याच्या अंगावर पडली आणि तिचं मागचं चाक बराच वेळ फिरत राहिलं.

बारकीने चाक थांबायची वाट पाहिली. मग जवळ गेली. खालचा जबडा मधोमध तुटून दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलत होत्या. वरचे पुढचे चार दात नव्हते. एक त्याच्या शर्टावर होता. घशात रक्त घुर्र करत होतं. उताणा राहिला तर गुदमरेल, हे तिला कळत होतं. पाण्यावर सूर्य आला होता आणि वाटेवर कुणी नव्हतं. तिने मनात एक ते दहा म्हटलं. मग खांद्याला धरून त्याला कुशीवर केलं, दोन बोटांनी तोंडातलं रक्त आणि दाताचे तुकडे बाहेर काढले आणि फोन केला.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर तिने वाकडं झालेलं हँडल गुडघ्यात धरून सरळ केलं. लॅबमध्ये ती पन्नास मिनिटं उशिरा पोचली.

भावाचा जबडा तारांनी बांधला होता, म्हणून जबाब त्याने कागदावर लिहून दिला. तिने ब्रेक बिघडवून मला मारायचा डाव रचला. तोच शिपाई दुकानात गेला. वस्तादने हातातलं काम खाली ठेवलं नाही.

"ब्रेक मी बदलले. तिच्या उजव्या हातात जोर नाही म्हणून."

"का नाही?"

"मनगट मोडलंय. कुणी मोडलं ते त्यालाच विचारा, लिहून देईल. आणि दुसऱ्याच्या सायकलवर बसताना ब्रेक दाबून बघावेत, हे त्याने इतकी वर्षं शर्यती मारून शिकायला हवं होतं."

शिपायाने या वेळी टोपण लावलं नाही, सगळं लिहून घेतलं. त्याचा पुढे काही उपयोग होईल असं बारकीला वाटलं नाही. इस्पितळात मावशी भावाला बघून आली. त्याने तिलाही एक कागद दिला होता. मावशीने तो दोन दिवस पर्समध्ये ठेवला, मग दाखवला. *बरा झालो की येतो.*

"बाळसं धरू दे मेल्याला," मावशी म्हणाली, पण त्या दिवसापासून तिने दाराला दुसरी कडी लावली.

तीन महिन्यांनी लॅबमध्ये एक पेटी आली. पेट्यांवर नाव नसतं, नंबर असतो. वरचे पुढचे चार दात, शेजारच्या दातांवर बसवायचा ब्रिज करायचा. बारकीने प्लास्टरचा साचा उजेडात धरला. डावा सुळा जरा आत वळलेला. मागच्या दाढेचा कोपरा तुटलेला. ती नऊ वर्षांची असताना तो दाराच्या कडीवर तुटला होता, ती तिथेच उभी होती. तिने साचा खाली ठेवला आणि हात धुऊन आली.

"हे नव्या पोरीला दे," मालक म्हणाले. "तुझ्याकडे आधीच ढीग आहे."

"नको. मी करते."

डाव्या हाताने तिने मेण कोरायला घेतलं. वर अर्धा मिलिमीटर जास्त ठेवला असता तर कुणाला दिसलं नसतं. माणूस घास चावतो, ते दात आधी आपटतात, जबड्याला कधी विसावा मिळत नाही. डोकं दुखतं, कान दुखतो, झोप लागत नाही. डॉक्टर घासतात, पुन्हा घासतात, कंटाळून सगळं परत पाठवतात. लॅबमध्ये चुकलेलं काम त्याच नंबरने परत येतं, त्याच माणसाच्या टेबलावर.

वरचा-खालचा साचा तिने बंद केला, उघडला, मध्ये दात कुठे आपटतात ते दाखवणारा निळा कागद ठेवून पुन्हा बंद केला. एक ठिपका गडद उमटला. तिने तो घासला. पुन्हा कागद ठेवला. इतर सगळे जेवायला गेले, परत आले, तरी तिचं चालूच होतं. खिडकीबाहेर मातकट सायकल भिंतीला टेकून उभी होती, हँडलची पट्टी एका जागी खरचटलेली.

"एवढं काय घासतेस?" मालक मागून म्हणाले. "कोण मोठा माणूस आहे का?"

"नाही," बारकी म्हणाली. कागद बदलला आणि साचा पुन्हा मिटला. "परत यायला नको, एवढंच."