पोटातली शांतता

केसांतला चिमटा अजून कोमट होता—लेकीने काढून त्याच्या तळहातावर ठेवलेला, दोन केस अडकलेला—आणि डॉक्टरीणबाई सांगत होत्या ते सगळं त्या चिमट्याकडे बघतच ऐकायचं, असं त्याने ठरवलं होतं. आतडं अडकलंय. लहानपणी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तिथे आत चिकटलं होतं. पोट वाढलं तसं ओढलं गेलं, पीळ बसला. आत्ताच उघडायला हवं. सातवा महिना आहे, बाळाचंही काही सांगता येत नाही... जावई अजून तीन तास लांब. तुम्हीच सही करा.

सही केली. पण मघाशी या बाईंनी पोटावर स्टेथोस्कोप ठेवून किती वेळ कान दिला होता, आणि आत काहीच ऐकू न आल्यावरचा तो चेहरा—तो त्याच्या चांगला ओळखीचा होता. पाणीखात्यात एकतीस वर्षं त्याने दुसरं काय केलं? रस्त्यावर लोखंडी कांब टेकवायची, तिला कान लावायचा, खालच्या नळातलं पाणी ऐकायचं. खळखळ आहे तोवर घाबरू नका, गप्प झालं की खणायला घ्या, असं तो हाताखालच्यांना बजावायचा. आणि शेजारच्या खोलीत पोटची पोर दोन दिवस ओकत होती, तेव्हा हा शहाणा काय म्हणाला? "अगं, तुझ्या आईने नऊ महिने ओकाऱ्या काढल्या. असतंच ते." दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

नातवंड नाही दिलंस तरी चालेल, देवा... माझी चिमणी तेवढी परत दे. मनात आलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण शब्द काही मागे घेतले नाहीत. त्या दुसऱ्या जिवाला त्याने पाहिलं तरी कुठे होतं?

"बाबा," नाकातल्या नळीमुळे तिचा आवाज घोगरा झाला होता, "असे लांब काय उभे? इकडे या."

"इथेच आहे गं. मीच म्हणालो तुला, असतंच म्हणून..."

"मी तरी काय वेगळं म्हणाले? राहू द्या आता." तिने त्याचा हात ओढून पोटाच्या डाव्या अंगाला ठेवला. "थांबा हं. तुमच्यावर गेलंय, हाक मारली की येत नाही."

पोट ताणून टणक झालं होतं. त्याने श्वास धरला. आणि मग—एक ढुशी. लहानशीच, पण नेमकी त्याच्या तळव्यावर.

"कळलं?"

त्याने मान हलवली. ट्रॉली आत गेली, दार मिटलं. बाकावर बसून त्याने मघाचं मागणं पुन्हा म्हणून पाहिलं, पण 'नातवंड' या शब्दापुढे तो गेलाच नाही. आत्तापर्यंत निदान एकाच जिवाची भीती होती... आता त्याला दोघंही हवी होती.